शेकरांच्या फडताळांचीं दारें

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही सपत्नीक अमेरिकेंत, मॅसॅच्युसेट्स राज्यांत, चिरंजिवांकडे चार महिने राहून आलों. आम्ही पोहोंचलों तेव्हां त्यांच्या स्वयंपाकघराचा जीर्णोद्धार निघाला होता. फडताळांचे सांगाडे जुनेच ठेवून दारें तेवढीं नवीं बसवावयाचीं होतीं. हें घटकाभराचें काम, अशी आमची समजूत! दुकानांत भिंतभर नमुने टांगलेले पाहिले आणि ती समजूत मावळली. कोणतें सपाट, कोणतें कांचेच्या तावदानाचें, कोणतें नक्षीचें. सूनबाईंच्या मनांत जें भरलें तें अगदीं साधें होतें : चार पट्ट्यांची चौकट व मध्यें बसविलेली सपाट फळी. त्याला ‘शेकर’ म्हणतात. शब्दाचें मूळ शोधण्याची खोड शिक्षकी पेशानें आम्हांस लाविलेली. आम्हीं दुकानदारास विचारिलें. तो म्हणाला, हेंच सर्वांत अधिक खपतें!

अखेर चिरंजिवांनीं आम्हांस पिट्सफील्डजवळील हॅन्कॉक या शेकरांच्या खेड्यास नेलें. शेकर हा इंग्लंडांत निघालेला ख्रिस्ती पंथ. उपासनेंत त्यांचें अंग थरथरे, त्यावरून हें नांव पडलें. अ‍ॅन ली नांवाची बाई १७७४ सालीं थोडे अनुयायी घेऊन अमेरिकेस आली. ब्रह्मचर्य आणि सामाईक मालमत्ता हे त्यांचे मुख्य नियम. हॅन्कॉकची वस्ती १७९० च्या सुमारास वसली, १९६० सालीं मोडली, व आतां तेथें संग्रहालय आहे.

तेथील वाटोळा दगडी गोठा प्रसिद्ध आहे; पण आमचें लक्ष १८३० सालच्या विटांच्या निवासाकडे होतें. सुमारें शंभर माणसें येथें बंधुभगिनींप्रमाणें नांदत. भिंतींतच बसविलेल्या फडताळांना २४५ दारें आणि शिवाय ३६९ खण, अशी मोजदाद त्या काळच्या एका पत्रांत आहे. दाराची रचनाहि विचारपूर्वक केलेली. लाकूड दमट हवेंत आडवें फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. म्हणून मधली फळी न चिकटवितां चौकटीच्या खांचेंत मोकळी सोडलेली असते. आमच्या घरच्या देवघराचें दार अखंड फळ्यांचें. पावसाळाभर तें खांद्यानें रेटावें लागे, त्याची आठवण झाली.

आणखी एक आठवण झाली. वाचकहो, ती सांगूं नये असें वाटत होतें. आमच्या माजघरांतील फडताळास आजीच्या हयातींत कधीं कुलूप नव्हतें. १९८९ सालीं वाटणी झाली आणि त्याच फडताळास आंतून फळ्या ठोकून तीन भाग व तीन कुलुपें झालीं. तिसरें कुलूप बाजारांतून आम्हींच आणिलें होतें. त्या शंभर माणसांच्या घरांत आम्ही बराच वेळ उभे राहिलों. विवाहच वर्ज्य केल्यामुळें ज्यांचा पंथ क्षीण होत गेला, त्यांचें नांव आज संसारी माणसांच्या स्वयंपाकघरांतून नांदतें, हेंहि मोठें नवल!

घरीं येऊन आम्हीं नमुन्याचें दार उलटून पाहिलें. लाकडाच्या भुशाची दाबून केलेली, वर रंग दिलेली ती एकच फळी. चौकट नुसती कोरलेली. मोकळी सुटलेली फळी नाहींच! आम्ही त्यावर प्रवचन आरंभणार, तोंच सौभाग्यवतींनीं आंतल्या कडेवरून बोट फिरविलें. “अग, फोडणीचा धूर आणि हळद या कोपऱ्यांत बसेल. रोज कोण खरवडणार?”

सूनबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आई, मग चुलीजवळ कसें करूं या?”

दोघी कागद घेऊन बसल्या. शेगडीच्या बाजूस सपाट दारें, इतरत्र शेकर, आणि मिसळणाच्या डब्याच्या फळीस दारच नको, असें ठरलें. आमचें मत कोणीं विचारिलें नाहीं. नवीं दारें येण्यापूर्वींच आम्ही परत निघालों. जुनीं दारें तेव्हां गाडीखान्याच्या भिंतीस टेकून उभीं होतीं.