गिरगाव ते दादर : क्लचच्या आवाजाचा माग

गिरगावाहून दादर तसे लांब नाही. पण सकाळी दहाच्या सुमारास या वाटेवर चालकाचा डावा पाय किती वेळा क्लचवर पडतो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. ठाकूरद्वारचा नाका, ऑपेरा हाउसचा सिग्नल, लॅमिंग्टन रोडची कोंडी, सात रस्त्याचे वळण आणि चिंचपोकळीचा पूल ओलांडून गाडी लालबागला पोहोचते, तोवर पहिला आणि दुसरा या दोन गिअरांतच तिचा बहुतेक प्रवास झालेला असतो. हातगिअरच्या गाडीची खरी परीक्षा घेणारा हा रस्ता आहे. क्लचमधील दोषाचा पहिला आवाजही पुष्कळदा येथेच कानी पडतो.

हा आवाज ओळखण्याची विद्या या भागाला शिकवली ती काळ्या-पिवळ्या पद्मिनीने. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्याने बाहेर पडलेली मोटार पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून प्रसिद्ध झाली. स्टिअरिंगलगत गिअरचा दांडा असलेली ही गाडी कितीतरी मध्यमवर्गीय घरांची पहिली मोटार ठरली आणि टॅक्सी म्हणून तर मुंबईची ओळखच बनली. टॅक्सी दिवसभर गॅरेजात उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडे. क्लच पाहायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. निदान चुकले तर मजुरी वाया जाते आणि आवाज तसाच राहतो. म्हणून जाणता मिस्त्री पाना हाती घेण्यापूर्वी कान देत असे.

त्याचा पहिला प्रश्न आवाज केवढा येतो हा नसे. आवाज केव्हा येतो, हा असे. या प्रश्नाचे मर्म क्लचच्या रचनेतच आहे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट ही क्लच प्लेटला दाबून धरते आणि त्यायोगे इंजिनाची गती गिअरबॉक्सच्या दांड्याला मिळते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर टेकते आणि क्लच प्लेट मोकळी होते. म्हणजे पाय वर असताना फिरणारे भाग वेगळे आणि पाय खाली असताना भार सोसणारे भाग वेगळे. पायाची स्थिती कळली की दोषाचे घर निम्मे सापडते.

ही परीक्षा घरच्या घरीही करता येते. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन संथ चालू द्यावे. पेडलला पाय न लावता घरघर ऐकू आली आणि पेडल पूर्ण दाबताच ती थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याच्या बेअरिंगवर जातो. कारण पेडल दाबल्यावर तो दांडा फिरायचा थांबतो. याउलट पाय वर असताना शांतता आणि पेडल दाबताच किरकिर सुरू झाली, तर प्रथम रिलीज बेअरिंग तपासावे. इंजिन बंद असतानाही पेडलसोबत कुरकुर येत असेल, तर दोष बहुधा पेडलच्या खिळीत, केबलमध्ये किंवा बेअरिंग सरकवणाऱ्या फोर्कमध्ये असतो. तेथे कधी थोडे ग्रीसही पुरते. पेडल तळाला टेकवूनही गिअर टाकताना खरखर होत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही, असे समजावे.

काही दोष मात्र रस्त्यावरच उघड होतात. गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वरच्या देरासराकडे जाणाऱ्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना थरथरली, तर क्लच प्लेटला तेल लागले असण्याचा किंवा इंजिनाचे माउंटिंग सैल झाल्याचा संभव असतो. याच चढावर अनेकजण ब्रेकऐवजी अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी तोलून धरतात; जळका वास येतो तो त्यामुळेच. लालबाग-परळच्या सिग्नलांवर पेडलवर पाय विसावत ठेवण्याची सवयही अशीच महाग पडते, कारण तेवढा वेळ रिलीज बेअरिंग विनाकारण झिजत राहते. पावसाळ्यात हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यात गाडी अडकून राहिली, तर बेअरिंगमधील ग्रीस धुऊन जाण्याचा धोका असतो. पाणी ओसरल्यानंतर काही दिवसांनी येणारी किरकिर त्या पाण्याचीच आठवण असू शकते.

ऑपेरा हाउसच्या परिसरात मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आजही आहेत. गिअरबॉक्स एकदा उतरवलाच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदलणे हिताचे. कारण एका स्वस्त बेअरिंगसाठी तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. मात्र ज्या आवाजाचे कारण पेडलच्या खिळीत आहे, त्यासाठी या तिन्हींपैकी एकही वस्तू विकत घेण्याची गरज नसते. आधी ऐकण्याचा लाभ तो हाच.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालच्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी ठरवलेली २० वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून दूर झाली. ऑटोमॅटिक गाड्या वाढत आहेत. क्लचचे पेडल कधीच न दाबलेले चालकही उद्या दिसू लागतील. तरी हातगिअरच्या गाड्या अजून घरोघरी आहेत आणि सुट्यांमध्ये त्याच गाड्यांतून कुटुंबे कसारा घाट चढून गजपंथाला किंवा खंडाळ्याचा घाट चढून कुंभोजच्या बाहुबलीला जातात. घाटाच्या मध्यावर, मागच्या आसनावर वृद्ध आईवडील बसलेले असताना क्लचने साथ सोडणे ही लहान आपत्ती नव्हे.

तो आवाज बहुतेक वेळा आधीच येऊन गेलेला असतो. दादरच्या गर्दीत, रेडिओच्या सुरात आणि बंद काचांआड तो कोणाच्या कानी पडत नाही इतकेच. यात्रेच्या आदल्या सकाळी रेडिओ बंद करून, काचा उतरवून, इमारतीच्या आवारात इंजिन दोन मिनिटे चालू ठेवावे आणि पेडल एकदा दाबून, एकदा सोडून ऐकावे. जुन्या गॅरेजांतील मिस्त्री याहून निराळे काही करत नसत.