रात्रीचा बिनपुडीचा चहा

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचे बिऱ्हाड आहे ते मुलांच्या शाळेपायी. शेती गावीच. विजेची पाळी रात्रीची आली की ज्वारीला पाणी रात्रीच द्यावे लागते, आणि जागरणाला सोबत म्हणून यजमानांच्या हाती चहाची किटली. पाळी संपवून घरी आले तरी झोप येत नसे. एका वर्षी पाऊस लांबला, तेव्हा तर आम्ही दोघेही आढ्याकडे बघत पडायचो.

सासूबाईंनी गावाकडून गवती चहाचा ठोंब आणून जुन्या डब्यात लावला. रात्री जेवणानंतर त्या चार पाती कापून चुरगाळत, दोन कप पाण्यात चिमूटभर बडीशेप घालून उकळत, आणि गाळून वर गुळाचा खडा टाकत. चहापूड मात्र अजिबात नाही.

खरी मेख तिथेच आहे. आपण गवती चहा घालतो तो नेहमीच्या चहात, वासासाठी. पण चहापुडीत कॅफिन असते आणि त्याचा निम्मा अंमल उतरायलाच साधारण पाच तास लागतात. गवती चहा हे नुसते सुगंधी गवत. त्यात कॅफिन नाही.

पहिल्या रात्री काहीच फरक वाटला नाही. आठ-दहा दिवसांनी यजमानांचा डोळा लवकर लागू लागला. गुण पातीचा, की पूड सुटल्याचा? की सासूबाईंच्या नियमाचा? कप हातात असेतो कर्जाचा आणि पावसाचा विषय काढायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. मला वाटते, तिन्हींचा. पाऊस त्याने आला नाही, सोसायटीचे देणेही फिटले नाही. पण सकाळी उठून कामाला लागण्याचे बळ आले.

काही जणी त्यात जायफळ उगाळतात. ते नखभरच हवे. जास्त झाले तर मळमळ, चक्कर, छातीत धडधड होते. गरोदर बाईने आणि रोजच्या गोळ्या घेणाऱ्याने असे काढे डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. आणि घरातला माणूस कितीतरी दिवस झोपत नसेल, गप्प राहत असेल, निरवानिरवीचे बोलत असेल, तर काढ्यावर विसंबू नये. त्याला दवाखान्यात न्यावे. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतूनही.

गवती चहाला फार काही लागत नाही. न्हाणीच्या पाण्यावर ठोंब फोफावतो. तो फोडून शेजारणीलाही द्यावा.