शरद, सोनकी आणि स्प्लेंडर

ऑक्टोबर म्हटलं की आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना एकच ऋतू आठवतो... सबमिशन! पण मागच्या रविवारी रूम पार्टनरने माझ्या हातातलं जर्नल काढून घेतलं आणि म्हणाला, "चल, ताम्हिणी!"

चांदणी चौक, पिरंगुट, पौड... धूळ आणि ट्रक, सोडून देऊ. मुळशीचं पाणी दिसलं आणि मी स्प्लेंडरचा वेग आपोआप कमी केला. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात ऑटम म्हणजे पानं गळणं. आपल्याकडे पानगळ शिशिरात. शरदात सह्याद्री चक्क फुलतो! समोरचा अख्खा उतार पिवळाधमक.

"वॉव, डेझीज!" मी ओरडलो.

"डेझी काय रे? सोनकी ती!"

(दोघंही बरोबर बरं का. कुळ एकच, सूर्यफुलाचं.)

पार्टनर भोरकडचा. मग काय, दर शंभर मीटरला ब्रेक! गुलाबी तेरडा, काही घरांत गौरी म्हणून हाच बसतो. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की फट्‌कन फुटून बिया उडतात. मी वीसेक तरी फोडली असतील. टाकळ्याला शेंगा लागलेल्या. कोवळा असताना, पहिल्या पावसात, त्याची भाजी करतात. कुर्डूचे तुरे तर रस्ताभर. त्याचीही भाजी! ह्या माणसाला प्रत्येक झाड पानात वाढलेलंच आठवतं.

"आजीला सगळी नावं येतात. मला निम्मी," तो म्हणाला. पुढे बोलला नाही.

घाटात एका वळणावर वाळक्या काठ्यांचं रान होतं. मला वाटलं, वणवा लागून गेला. "कारवी आहे. फुलून मेली." सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग सगळी एकदम फुलते, जांभळी होते, बी धरते आणि मरते. त्याच्या आजीच्या जुन्या घराच्या भिंती ह्याच काठ्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. खाली वाकून पाहिलं तर वीतभर नवी रोपं!

मी हिशोब केला. ही फुलतील तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीसचा.

"तेव्हा तू बोस्टनला बर्फ उकरत असशील," पार्टनर हसत म्हणाला. मी जीआरईची तारीख घेतलीय, हे त्याला ठाऊक आहे.

येताना गाडी त्याने चालवली. मी मागे बसून नावं घोकत होतो. एक विसरलो तर त्याने ब्रेक मारला.