आठवणीवरचा भरवसा

माझे दादा गेली अनेक वर्षे स्किझोफ्रेनियासह जगत आहेत. दर रविवारी मी त्यांना इथून फोन करतो. मागच्या वर्षी ते ठामपणे म्हणाले, "माझी पदवीची प्रमाणपत्रे तूच फाडलीस." प्रमाणपत्रे तर कपाटात सुरक्षित होती. त्याच संभाषणात अडखळत ते म्हणाले, "बाबांच्या पेन्शनचे कागद बहुतेक आत्याकडच्या पत्र्याच्या पेटीत असावेत. पण नक्की सांगता येत नाही." पहिल्या वाक्याने मी दुखावलो, दुसऱ्याकडे लक्षच दिले नाही. कुटुंब निवृत्तीवेतनासाठी आईने पुढे चार महिने खेटे घातले. अखेर कागद त्या पेटीतच सापडले.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. स्वतःच्या स्मृतीविषयीच्या जाणिवेला मानसशास्त्रात 'मेटामेमरी' म्हणतात. जॉन फ्लावेल यांनी १९७१ मध्ये ही संज्ञा मांडली. स्टेफन मॉरिट्झ आणि टॉड वुडवर्ड यांच्या संशोधनात असे आढळले, की स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना चुकीच्या आठवणीची खात्री इतरांपेक्षा जास्त वाटते आणि बरोबर आठवणीची कमी. म्हणजे प्रश्न केवळ विसरण्याचा नसतो; खरे आणि खोटे वेगळे करणारी खात्रीची खूणच पुसट होते.

या दोघांनी तयार केलेल्या प्रशिक्षणात समुद्रकिनाऱ्यासारखी दृश्ये दाखवतात. किनाऱ्यावर हमखास असणाऱ्या काही वस्तू चित्रात मुद्दाम ठेवलेल्या नसतात, तरी त्या पाहिल्याचे अनेकांना आठवते. निरोगी माणसेही फसतात. शिकवण साधी आहे: आठवणीत बारकावे नसतील, तर निष्कर्षाआधी पुरावा शोधावा.

पुरावा न शोधता निष्कर्ष मी काढला होता. दादांचा आजार ठाऊक असल्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द अविश्वसनीय, अशी माझी खात्री होती. पाली भाषेतील 'सति' या शब्दात स्मरण आणि सजगता हे दोन्ही अर्थ नांदतात. मी औषधांच्या वेळा स्मरणात ठेवल्या. सजग मात्र राहिलो नाही.

मी दादांची क्षमा मागितली. आता ते काही सांगतात, तेव्हा मी विचारतो, "दादा, किती खात्री वाटते?" उत्तर वहीत लिहितो आणि दोघे मिळून पडताळतो. ते कधी चुकतात, कधी मी. परवा त्यांनीच मला विचारले, "आणि तुला रे, किती खात्री आहे?"