चहात न पडलेली साखर

30 मार्च 2025, रविवार. डोंबिवली पूर्व

गुढीपाडवा. सकाळी फडके रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. 1999 साली इथल्या गणेश मंदिरापासून सुरू झालेली नववर्षाची शोभायात्रा आता गावोगावी निघते, पण डोंबिवलीकराला आपलीच खरी वाटते. संध्याकाळी गुढी उतरवली. कडुलिंब झाडाच्या बुंध्याशी, तांब्या मोरीत, साडी कपाटात. राहिली ती साखरेची गाठी. पूर्वी मुलं गुढी उतरायची वाट बघत बसत. आता घरात दोघांना मधुमेह आणि मुलांना चॉकलेट हवं. गेल्या वर्षीची गाठीही डब्यात तशीच आहे, दोऱ्यासकट.

परिचारिका म्हणून इतकी वर्षं काम करताना साखर पोटाबाहेर किती उपयोगी पडते ते जवळून पाहिलं. ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात आहे. या उन्हाळ्यात लिहीन.

2 एप्रिल, बुधवार

ठाण्याहून भाची आली. नौपाड्यात पार्लरचे दर ऐकून चक्रावली होती. म्हटलं, घरीच करू. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. पांढऱ्या गाठ्या खलबत्त्यात कुटून त्याच वापरल्या. रंगीत बाजूला ठेवल्या. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आच. आधी एकतारी, मग दोनतारी, आणि वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी वळली पाहिजे. रंग मधासारखा झाला की गॅस बंद. एक मिनिट जास्त झालं तर चिक्की होते, कमी झालं तर नुसताच चिकटा.

लिंबू का, असं तिनं विचारलं. आंबटामुळे साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि पाकाची पुन्हा साखर बनत नाही. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते याचसाठी. अरब देशांत आणि इजिप्तमध्ये बायका पूर्वापार याच लगद्यानं केस काढतात. राळेच्या मेणाचा चिकटा तेल लावून सोडवावा लागतो, हा साध्या पाण्यानं धुतला जातो. हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

उकळता पाक अंगावर सांडला तर तो पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो तापलेला असतो जास्त आणि निथळून जात नाही. पूर्ण कोमट होईपर्यंत तिला हात लावू दिला नाही. आधी मनगटाजवळ बोटभर जागेवर लावून पाहिलं, मग पुढचं.

5 एप्रिल, शनिवार. कल्याण

उद्या रामनवमी, म्हणून पहाटे बाजार समितीच्या फुलबाजारात. निशिगंधाच्या काड्या घेतल्या. फुलदाणीतल्या एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि अर्धा चमचा कपड्यांचं ब्लीच घातलं तर कळ्या वरपर्यंत उमलतात. तोडलेल्या काडीला अन्न मिळतं साखरेतून. पण नुसती साखर घातली तर तेच अन्न जंतूंना मिळतं आणि देठ दोन दिवसांत बुळबुळीत होतात. ब्लीच त्यासाठी. ही अर्धीच युक्ती सांगणारे फार.

परतताना वहिनीच्या ओळखीच्या तबेल्यात गेले. म्हैस आदल्या रात्री व्यायली होती आणि मायांग बाहेर आलेलं. पशुवैद्य आधीच पोचले होते. मडक्याएवढा लाल, सुजलेला गोळा. दोन गडी तो स्वच्छ कापडावर उचलून धरून उभे. डॉक्टरांनी पोटॅशच्या पाण्यानं तो धुतला आणि मालकाला म्हणाले, "साखर आणा, घरात असेल तेवढी." पिशवीतली साखर मुठी भरभरून वर पसरली. थोड्याच वेळात खालच्या कापडावरून पाणी ठिबकायला लागलं. साखर दिसेनाशी झाली, पुन्हा पसरली, पुन्हा पाणी. सूज उतरून गोळा लहान आणि मऊ झाला, तेव्हा डॉक्टरांनी तळहातानं दाबत दाबत तो आत सरकवला आणि टाके घेतले. मालकाची बायको हात जोडून उभी होती. सुजलेल्या मांसातलं पाणी साखर बाहेर ओढून घेते, एवढाच त्यातला भाग. पण एक दुभतं जनावर त्यावर वाचतं.

9 एप्रिल, बुधवार

तबेल्यातलं ते दृश्य डोक्यातून जात नाही, कारण माणसांच्या वॉर्डात मी हेच पाहिलं आहे. शय्याव्रणाचे रुग्ण: कंबरेखाली खड्डा पडलेला, वास असा की नातेवाईक दारातच थांबत. आमच्या सिस्टर जखम सलाइननं धुऊन तिच्यात निर्जंतुक साखर भरत, वर जाड गॉज. साखर विरघळून पट्टी ओली झाली की बदलायची, दिवसातून एकदा, कधी दोनदा. काही दिवसांत वास जाई, आणि तळाशी लालबुंद, दाणेदार नवं मांस दिसू लागे. ते पाहिल्यावर आम्हा सगळ्याजणींचा दिवस चांगला जायचा.

जंतूंना जगायला पाणी लागतं. साखर ते इतकं धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला उरत नाही. लोणच्यात मीठ आणि मोरंब्यात साखर हेच करते. अर्जेंटिनाचे डॉक्टर लिऑन हर्सेज यांनी 1980 साली चिघळलेल्या जखमांवर साखर वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. मोझेस मुरांडू यांनी लहानपणी झिम्बाब्वेत वडिलांकडून हा उपाय पाहिला, पुढे इंग्लंडमध्ये नर्सिंगचे शिक्षक झाले आणि वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठातून त्याचा रीतसर अभ्यास केला. एका परिचारकानं घरचं ज्ञान रुग्णालयात तपासायला घेतलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तरीही डब्यातली साखर कोणी जखमेवर टाकू नये. वाहत्या रक्तावर तर नाहीच. पिठीसाखरेत पुष्कळदा कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं, ती अजिबात नको. आणि मधुमेह असून पाय बधिर झालेल्यांनी तळपायाची जखम घरी झाकून ठेवणं म्हणजे पाय गमावण्याची तयारी. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

13 एप्रिल, रविवार

खालच्या रिक्षावाल्या दादांनी इंजिन साफ केलं होतं, हात कोपरापर्यंत काळे. वाटीत चमचाभर साखर आणि खोबरेल दिलं. तेलानं ग्रीस सुटतं, साखरेचे दाणे ते खरवडतात, आणि मग साबण लावला की हात स्वच्छ. वाळू किंवा राख मोरीत साचते, साखर विरघळून जाते.

झुरळांच्या गोळ्याही आज केल्या: बोरिक पावडर, तेवढीच कणीक, थोडी साखर, दुधात मळून. मारते बोरिक पावडर, साखर फक्त बोलावते. सिंकच्या मागे आणि गॅस सिलिंडरच्या खाली ठेवल्या. रांगतं मूल किंवा मांजर असलेल्या घरात हा प्रकार नको.

18 एप्रिल, शुक्रवार

शेजारच्या लग्नाची मेंदी. वाळत आलेल्या मेंदीवर कापसानं लिंबू-साखरेचं पाणी टिपलं. लगदा ओलसर राहतो, गळून पडत नाही, म्हणून रंगायला वेळ मिळतो.

नवरीच्या मैत्रिणी साखरेनं चेहरा घासायच्या गप्पा करत होत्या. मी स्पष्ट नको म्हटलं. साखरेच्या दाण्याला धारदार कडा असतात. टाचा, कोपर ठीक. ओठांवर अगदी हलक्या हातानं. गालांवर, आणि मुरुमं असतील तर मुळीच नाही.

नवरीच्या आजोबांना उचकी लागली, त्यांना चमचाभर कोरडी साखर गिळायला दिली. थांबली. 1971 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 20 रुग्णांवरचा हा प्रयोग छापून आला होता, त्यातल्या 19 जणांची उचकी थांबली.

24 एप्रिल, गुरुवार

ऊन असह्य. दुपारची लोकल म्हणजे भट्टी. कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाला काल रात्रीपासून जुलाब. घरात बाटलीतलं गोड सरबत पाजत होते. फार गोड पेय आतड्यातच पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढवतं. म्हशीची सूज उतरवणारी साखर इथे उलटी फिरते, म्हणून माप महत्त्वाचं.

1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली तेव्हा बनगावच्या छावणीत सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपांत भरला आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3 टक्क्यांच्या आसपास आलं. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात तेव्हा सोबत मिठातलं सोडियमही घेतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. महालनबीस यांना 2023 साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. साखरेचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

मावशींना ओआरएसची पुडी दिली, अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. आणि रात्रीबेरात्री पुडी नसली तर काय, ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तेच इथेही लिहिते. आपल्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा: उकळून गार केलेलं पाणी एक लिटर, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजायचं, 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, अंगावरचं दूध सुरूच ठेवायचं. मूल सुस्त पडलं, लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर चमचे मोजत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.