मुठीआडचे नाव

आमच्या घरी एक जपानी तलवार होती. सैन्यात असलेल्या आजोबांनी ती १९४५ साली ब्रह्मदेशातून आणली होती. "ही चारशे वर्षांपूर्वीच्या सामुराईची तलवार!" असे ते अभिमानाने सांगत, आणि आम्हां मुलांना ते अगदी खरे वाटे.

आजोबांच्या पश्चात जपानी लिपी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनी मुठीतील बांबूची खुंटी हलकेच काढून मूठ उतरविली. आत दडलेला पात्याचा भाग गंजला होता. मी तो घासू लागलो, तोच त्यांनी माझा हात धरला. "बाळ, हा गंज पुसू नये. त्यावरून पात्याचे वय ताडता येते."

त्या गंजात अक्षरे कोरलेली होती. एका बाजूस सेकी गावच्या कारागिराचे नाव होते. दुसऱ्या बाजूस 'शोवा १६', म्हणजे इ. स. १९४१. शेजारी एक बारीक शिक्का होता. जुन्या रीतीने न घडविता युद्धासाठी तयार केलेल्या पात्यांवर तो मारीत.

मी हिरमुसलो. आजोबांचा सामुराई क्षणात नाहीसा झाला होता!

ते गृहस्थ हसून म्हणाले, "आजवर ही तुमच्याकडे केवळ शत्रूची तलवार होती. आज तिच्या कारागिराची ओळख पटली. हे काय थोडे झाले?"

मूठ पुन्हा बसविताच ते नाव दिसेनासे झाले. पण त्यानंतर तलवारीकडे पाहताना मला प्रथम तेच आठवे.