पंचवीस सेकंदांचा आर्चर

परवा भाचा सोफ्यावर लोळत ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ खेळत होता. सैन्य तयार व्हायला किती वेळ राहिलाय, असं मी सवयीने विचारलं. “मामा, आता वेळ लागतच नाही. लगेच तयार.” मार्च २०२५मध्ये म्हणे तो वेळच काढून टाकला. मला उगाच हुरहुर लागली.

२०१५च्या सुमाराला एक आर्चर तयार व्हायला २५ सेकंद लागत, ड्रॅगनला तर कितीतरी जास्त. क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, कुणी सैन्य मागितलं की ते आपल्या छावणीतून द्यायचं. त्यावर खर्च झालेलं इलिक्झर आपलं, आणि आपला हल्ला तेवढा लांबणीवर. आपल्या वाट्याचं थांबणं आपण दुसऱ्याला देत होतो. क्लॅनमधल्या पन्नास जणांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे असत : किती दिलं, किती घेतलं. वही सगळ्यांसमोर उघडी.

एकाचे आकडे मला अजून पाठ आहेत. दिले ८, घेतले ६१२.

रात्रीची जेवणं आटोपली की त्याची मागणी यायची. मिळालं की “थँक्स दादा”. क्लॅनमधली मानाची, एल्डर मंडळी त्याला फुकट्या म्हणू लागली. मी त्यांच्याही वरचा, को-लीडर. घेतलंत त्याच्या निम्मं तरी द्या, हा नियम माझाच. एके रात्री मी त्याला काढून टाकलं. काढताना निरोप लिहायला चौकट येते, तिच्यात लिहिलं, “फक्त घेतोस.”

मालिनोव्स्की हा पोलिश मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला. तिथल्या ‘कुला’ या देवघेवीच्या प्रथेवर त्याने १९२२ साली पुस्तक काढलं. लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरत, पांढरी शंखांची कडी उलट दिशेने. परतफेड करायचीच, पण केव्हा आणि किती तोलामोलाची, ते घेणाऱ्याने ठरवायचं. त्यात घासाघीस करणं हलकेपणाचं. हे वाचताना मला ट्रोब्रिअंड दिसलंच नाही, ती चौकट दिसली.

दिले ८. त्या फुकट्याचा टाउन हॉल, म्हणजे गावातली मुख्य इमारत, चौथ्या पातळीवर होता, म्हणजे आर्चर फार तर दुसऱ्या पातळीचे. आणि आम्ही मोठे सगळे मागताना लिहायचो, “फक्त मॅक्स”, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचेच. त्याने एकदा धीर करून आठ आर्चर पाठवले, तर मागून घेतलेलं सैन्य ठेवायच्या कॅसलची जागा वाया घालवलीस म्हणून मी त्याच्यावर ओरडलो होतो. पुन्हा त्याने कधी पाठवले नाहीत. आणि जो गडी ज्याच्या-त्याच्या कॅसलात एकेक स्वस्त आर्चर टाकून हजारांचे आकडे मिरवायचा, त्याला आम्ही एल्डर केलं! या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

माझ्या लहानपणी शेजारच्या काकू दर चार दिवसांनी साखर, चहापत्ती उसनी न्यायच्या. परत काही येत नसे; येण्यासारखं त्यांच्या घरात नव्हतंच. आजी मला मुद्दाम त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला धाडायची. आपल्या परसात झाड आहे की, असं मी एकदा म्हणालो, तर तिने डोळे वटारले. काकू हातातलं काम टाकून डहाळी खुडायच्या, कागदात गुंडाळायच्या. “लागला तर आणखी ये रे.”

त्या दिवशीच्या आमटीच्या फोडणीत तोच पडायचा.